मिस्त्रींचा शब्द

रविवारी सकाळी सगळे वरच्या खोलीत जमले ते एका सहीसाठी. सही बारकीची हवी होती, आणि बारकी ती करायला तयार नव्हती.

बारकी आपली नावालाच बारकी. वय सव्वीस, उंचीला बापापेक्षा दोन बोटं जास्त, आणि खालच्या वर्कशॉपमध्ये आजोबांच्या, म्हणजे मिस्त्रींच्या, खालोखाल वेल्डिंगला हात तिचाच. पंचवीस दिवसांपूर्वी तिला याच खोलीतून स्ट्रेचरवर घालून नेलं होतं. मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे आलेली सूज, मेनिंजायटिस. पोरगी मरणाच्या दारातून परत आली, पण येताना दोन्ही कान तिथंच ठेवून आली. आता ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर वही, वहीला दोरीनं बांधलेलं पेन, आणि उठताना तोल गेला तर सावरायला शेजारी आई.

कागद टेबलावर फुलदाणीखाली दाबून ठेवला होता. कानाच्या सर्जनबाईंनी शुक्रवारी तो दिला तेव्हा दोनदा बजावलं होतं की गुरुवारी ऑपरेशन, आणि सोमवारी सकाळी सही केलेला कागद हातात पाहिजे. कानाच्या आत शंखासारखी वळणं घेतलेली एक नळी असते, तिच्यात एक बारीक तार सरकवायची, वर यंत्र बसवायचं, आणि ते यंत्र मेल्या कानाऐवजी नसेला आवाज पोचवणार. पण या आजारानंतर त्या नळीत हाड भरायला लागतं. बारकीच्या उजव्या कानात ते सुरू झालं होतं. भरलं की तार आत जाणार नाही, मग जगातला कुठलाही सर्जन आणा.

आईला हे सगळं पाठ झालं होतं. सकाळपासून तिनं तीनदा चहा केला होता आणि तिन्ही वेळा साखर घालायला विसरली होती. कुणी तक्रार केली नाही, यावरूनच घरात काय चाललंय ते तिला कळत होतं, कारण तिचा नवरा एरवी साखरेच्या अर्ध्या चमच्यावरून भाषण देणारा माणूस. तो आज कप हातात धरून भिंतीकडं बघत बसला होता.

बोलत होती ती आत्या. मिस्त्रींची ही थोरली लेक, दोनशे मैलांवरून आलेली, आणि आजाराचे सगळे दिवस फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती. तिचं म्हणणं असं की डोक्याच्या हाडाला भोक पाडणं हा काय खेळ आहे का, पोरीच्या अंगात अजून पाणी भरायची ताकद नाही, महिनाभर खाऊ-पिऊ घालावं आणि मग बघावं. तिनं ओळखीत चार ठिकाणी विचारलं होतं. चौघांपैकी एकालाही या आजाराची काही माहिती नव्हती, पण सगळ्यांनी थांबा असंच सांगितलं होतं.

एरवी आईचं आणि आत्याचं कधी पटलं नाही. पण आज आत्या "थांबा" म्हणाली तेव्हा आईला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. तिला ऑपरेशन हवं होतं. फक्त लेकीला पुन्हा दवाखान्याच्या त्या दारातून आत ढकलत नेताना बघायचं नव्हतं.

"महिन्यानं नळीचं दार बंद झालेलं असेल," काकू म्हणाली.

काकू म्हणजे धाकटी सून. चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागं उभी राहून बारा वर्षं झाली, आणि या घरात येऊन चौदा. तिचा नवरा आज एका शाळेचं फाटक बसवायला गेला होता, त्यामुळे तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. अर्थात तो असता तरी मूग गिळूनच बसला असता.

काकूनं वही मागून घेतली आणि सर्जनबाईंनी काढलेलं चित्र पुन्हा काढून दाखवलं. बारकीनं ते पाहिलं, समजूतदारपणे मान हलवली, आणि वहीची पानं मागं चाळत पार दवाखान्यातल्या दिवसांपर्यंत गेली. तिथं एका पानावर वाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: येईल परत. माझंही आलं होतं.

"मिस्त्री म्हणालेत," बारकी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसल्यामुळे ती हल्ली एकतर कुजबुजायची नाहीतर ओरडायची. हे तिनं ओरडून सांगितलं.

झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

आजोबांना घरातले, दारातले, त्यांची सख्खी मुलंसुद्धा मिस्त्रीच म्हणत. पन्नास वर्षं लोखंड जोडलेल्या माणसाचा शब्द त्या घरात असा होता की ते एखाद्या जोडाकडं बघून "सुटणार नाही" म्हणाले की मग तो विषय संपायचा. आणि तिशीत असताना शेजारी एक टाकी फुटून त्यांचे कान अकरा दिवस बंद पडले होते, बाराव्या दिवशी आपोआप उघडले, ही गोष्ट घरातल्या प्रत्येक मुलानं जेवताना ऐकलेली होती. बारकी त्याच बाराव्या दिवसाची वाट बघत होती.

आणि हे मिस्त्री आज, रविवारी, वर्कशॉप बंद असताना, खाली एकटेच खुडबुड करत होते.

काकूनं वही परत दिली आणि जिना उतरायला लागली. उतरताना ती दोनदा थांबली, कारण त्या दिवसानंतर ती आणि मिस्त्री एकमेकांशी धड बोललेच नव्हते.

त्या दिवशीची गोष्ट अशी. आठवडाभर बारकीचा उजवा कान ठणकत होता आणि तिनं त्यात कापूस कोंबून काम चालू ठेवलं होतं. मग एका सकाळी ती डोकं धरून बसली. उजेड सहन होईना. आता वेल्डरच्या घरात उजेड सहन होत नाही याचा अर्थ एकच. डोळ्यांवर काच ओढायच्या आधी ठिणगी पेटली, डोळे भाजले, आर्क लागली. या घरात ती प्रत्येकाला कधी ना कधी लागलेली. त्यावरचा उपायही ठरलेला, अंधारी खोली आणि डोळ्यांवर बटाट्याच्या थंड चकत्या. मान दुखते म्हणाली, तर आदल्या दिवशी तिनं आठ तास आडवं पडून जिन्याच्या खालचे जोड मारले होते, दुखणारच. अंग तापलंय, तर कानाचा ताप. उलटी झाली, तर डोकं दुखलं की होतेच. प्रत्येक गोष्टीला धंद्यातलं एक कारण हजर होतं. मिस्त्रींनी स्वतः बटाटा कापला, स्वतः चकत्या ठेवल्या, दर तासाला बदलल्या, आणि दुपारी ती गप्प झाली तेव्हा बोटानं सगळ्यांना दटावलं की पोरीला झोप लागलीय, आवाज करू नका.

चार वाजता काकू कामावरून आली. तिनं चकत्या काढून फेकल्या आणि बारकीला हनुवटी छातीला लावायला सांगितली. ती लागेना. मान लाकडासारखी ताठ, आणि काकूला ती भलत्याच नावानं हाक मारत होती. काकूनं तिथल्या तिथं गाडी बोलावली. तेव्हा मिस्त्री दारात उभे राहून म्हणाले होते, गोळ्या विकणारी डॉक्टर झाली वाटतं.

दवाखान्यात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते गढूळ निघालं. कोणता जंतू आहे याचा रिपोर्ट यायच्या आधीच शिरेतून औषधं सुरू केली, कारण डॉक्टर म्हणाले की इथं दिवस नाही, तास मोजायचे असतात. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. जंतू कानातूनच वर गेला होता हे नंतर कळलं. तोवर खबरदारी म्हणून घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते हे काकूनं सांगितलं होतं, पण मिस्त्री त्या वेळी तिचं ऐकत नव्हते. संडासात तो रंग बघून आपलीही वेळ भरली असं त्यांनी धरलं, बाहेर येऊन कपाटाच्या किल्ल्या गुपचूप थोरल्या मुलाच्या खिशात टाकल्या आणि निजून राहिले. भीतीनं नव्हे, नातीच्या आधी आपण गेलो तर बरं, असं त्यांना वाटलं होतं. हे त्यांनी पुढं फक्त आईला सांगितलं.

काकू खाली आली तेव्हा मिस्त्री वेल्डिंगच्या कांड्या जाडीप्रमाणे वेगळ्या करत होते. त्या आधीच वेगळ्या केलेल्या होत्या.

"ती तुमच्या शब्दावर थांबलीय," काकू म्हणाली.

मिस्त्रींनी आणखी एक कांडी उचलली.

काकूनं ठरवलं होतं की शांतपणे सांगायचं, आणि तिनं तसंच सांगितलं. टाकी फुटली तेव्हा तुमचे कान आवाजानं बधिर झाले होते, ते सुधारण्यासारखं होतं. हिच्या कानाच्या आतला ऐकणारा भागच जंतूंनी खाल्लाय. ते परत येत नाही. डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा तुम्हीही खोलीत होतात.

"होतो की."

"मग?"

मिस्त्रींनी कांड्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "कशात तार घालायची म्हणाल्या त्या बाई?"

काकूनं हवेत बोटानं वळण काढलं. त्यांनी विचारलं की आत हाड भरतंय म्हणजे नेमकं कसं. तिनं सांगितलं. मिस्त्री तिच्या बोटाकडं बघत म्हणाले की हे म्हणजे विजेच्या फाटकासाठी बाक दिलेला पाइप जमिनीत गाडला आणि त्यात सिमेंटचं पाणी उतरलं, तसंच झालं. ओलं आहे तोवर केबल ओढून घ्यायची, नाहीतर पाइप फुकट.

"अगदी तसंच," काकू म्हणाली.

"मला हे कळतं गं. मी काय अडाणी नाही." त्यांचा आवाज फाटला. "दिवसभर मी तिच्या डोळ्यांवर बटाटे ठेवत बसलो. तू चार वाजता आलीस म्हणून आज ती आहे. हे तुला म्हणायला मला पंचवीस दिवस लागले. आणि आता तिला जाऊन सांगू की कान गेले, कायमचे गेले? कुठल्या तोंडानं सांगू?"

काकूला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. तिनं स्टूल पुढं ओढलं, सासऱ्याला खांदा धरून बसवलं, आणि म्हणाली की बटाटे सगळ्यांनीच ठेवू दिले, पण त्या कागदावर तिची सही घेणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले. बारकी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, मागून आई, आणि सर्वांत वर आत्या, जिला खाली यायचं नव्हतं आणि वर राहवतही नव्हतं.

बारकीला वर बसवेना झालं होतं. ती घरी आल्यापासून चार दिवसांत या घराला एक खोड लागली होती, तिच्या डोक्यावरून तिच्याबद्दल बोलायचं. ओठ हलायचे, मग सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्याकडं यायच्या, आणि मग कुणीतरी हसून दाखवायचं. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू असताना या सगळ्यांच्या हातांच्या खुणा असत, वर, खाली, बस, अजून जरा, चहा. तेवढ्यावर अख्खं फाटक उभं राहतं. पण आयुष्यभराच्या गोष्टी त्या पाच खुणांत कशा बसणार?

मिस्त्रींनी हात पुढं केला. तिनं वही दिली. ते लिहायला बसले, आणि मापं सोडून काही लिहायची सवय नसल्यामुळे त्यांना खूप वेळ लागला. तिनं वाचलं.

माझं वेगळं होतं. तुझं परत येणार नाही. मी उगाच लिहिलं.

तिनं दुसऱ्यांदा वाचलं. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी लिहिलं: डॉक्टर म्हणाले तेव्हा. घरी यायच्या आदल्या दिवशी.

"मग पाच दिवस?"

सांगवेना, असं त्यांनी लिहिलं.

बारकीनं वही मिटली आणि पाठ फिरवली. आता तिच्याकडं हे एक नवंच हत्यार आलं होतं. तिनं पाठ फिरवली की कुणाचं काही चालत नसे. ती कामाच्या टेबलाकडं तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याची कड धरली. तिला राग आला होता, आणि त्या रागाखाली जे होतं ते त्याहून वाईट होतं. रोज उठल्यावर ती डोळे न उघडता पडून राहायची आणि वाट बघायची की आज काहीतरी ऐकू येईल. नळाचं पाणी चालेल, आत्याचं बोलणंसुद्धा चालेल.

मिस्त्री टेबलाला वळसा घालून तिच्या समोर आले. हातात वाकवलेला पाइपाचा एक तुकडा आणि बांधायची तार होती. त्यांनी तार एका तोंडातून सारली, ती दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. मग त्यांनी भंगारातून दुसरा तुकडा उचलला. तो गेल्या वर्षीच्या कामातला होता, आत सिमेंट गेल्यामुळे टाकून दिलेला, आणि तो टाकायला लागला म्हणून बारकीच दिवसभर चिडली होती. तार आत दोन बोटं गेली आणि अडकली.

बारकीनं तो त्यांच्या हातातून घेतला. स्वतः तार सारून पाहिली. फिरवून पाहिली, दाबून पाहिली.

"किती भरलंय?"

काकूनं उजव्या कानापाशी चिमटीत थोडंसं अंतर दाखवलं. डाव्या कानापाशी हात नकारार्थी हलवला. अजून नाही.

बारकी पाइप घेऊन तशीच उभी राहिली. मग ती बोलायला लागली, आणि या वेळी आवाज इतका लहान होता की आईला दोन पायऱ्या उतरून जवळ यावं लागलं. ती म्हणाली की तिला भीती ऑपरेशनची नाहीच. सर्जनबाईंनी लिहून दिलं होतं की यंत्रातून येणारा आवाज सुरुवातीला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, माणसं ओळखू येत नाहीत, शिकावं लागतं, सहा महिने, वर्ष. आणि तार घातली की आत काही उरलंसुरलं असेल तेही जातं.

"सही केली म्हणजे आईचा आवाज गेला," ती म्हणाली. "तुमचा गेला. खरा होता तो. थांबले तर निदान गेला असं म्हणावं लागत नाही."

आईनं तोंडाला पदर लावला. बाप वरून केव्हा खाली आला होता ते कुणालाच कळलं नव्हतं. तो लेकीच्या मागं उभा राहिला.

मिस्त्रींनी वही मागितली नाही. ते बोलायला लागले. तिला ऐकू येत नाही हे विसरून नव्हे, ते पूर्ण माहीत असून, तिच्या डोळ्यांत बघत ते बोलत राहिले. बटाट्यांबद्दल बोलले. दारात उभं राहून काकूला काय म्हणाले ते बोलले. ती पाच वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा कांडी धरली आणि हात थरथरला नाही, तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, आणि ते त्यांनी तिच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतं, तेही बोलले. दोन्ही मुलांना जितकं जपलं नाही तितकं तुला जपलं आणि नेमकं तुझ्याच बाबतीत चुकलो, असं म्हणाले. पन्नास वर्षांत त्या वर्कशॉपमध्ये त्यांनी इतकी वाक्यं सलग उच्चारली नव्हती. जिन्यावर उभ्या आत्यानं ते सगळं ऐकलं, वर गेली, आणि फुलदाणीखालचा कागद घेऊन खाली आली.

बारकी त्यांच्या ओठांकडं बघत होती. तिला एकही शब्द कळला नव्हता, पण म्हाताऱ्याची हनुवटी थरथरताना तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"लिहा," ती म्हणाली, आणि वही पुढं केली.

मिस्त्रींनी मान हलवली. नाही. मग वही घेतलीच, आणि एक ओळ लिहून परत दिली: यंत्र बसलं की सांगतो.

"डब्यातून आला आवाज तरी?"

त्यांनी मान डोलावली.

"कळलं नाही तर पुन्हा सांगायचं. कळेपर्यंत." तिचा आवाज पुन्हा वर चढला, आणि काकूनं सवयीनं हात खाली दाबून खूण केली. "आणि सगळं सांगायचं. मला पोरगी समजून मधलं गाळायचं नाही."

त्यांनी पुन्हा मान डोलावली, दोनदा.

बारकीनं बाह्यांनी डोळे पुसले. आत्यानं कागद टेबलावर पसरला आणि तो उडू नये म्हणून वर तळहात ठेवून उभी राहिली. बारकीनं वाकून सही केली. तोल जाईल म्हणून बापानं मागून तिची कंबर धरली होती, त्यामुळे सही जरा वाकडी आली. मग ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, आणि तिला तसं करायला चांगलंच वाकावं लागलं.

मिस्त्री काकूपाशी आले. त्यांनी आवाज उतरवला, जसं काही बारकीला ऐकू जाईल.

"मी काय काय बोललो गं आत्ता? मला तर एक अक्षर आठवत नाही. तुझ्या लक्षात आहे ना?"

"आहे," काकू म्हणाली.

"सगळं?"

"सगळं आहे, मिस्त्री. मी लिहून ठेवते."